अर्पण आपल्याच खिशातून

विदर्भातल्या मिशनच्या एका कुष्ठरुग्णालयात मी परिचारिका होते. नोकरीची सगळी वर्षं तिथेच गेली. निवृत्तीनंतर आम्ही नगरला परतलो. इथे मंडळीत कोणी पाहुणा आला की माझी ओळख ‘त्यागी भगिनी’ अशी करून देतात. सांगणाऱ्याच्या मनात आदर असतो, तो मला कळतो. पण त्या वेळी माझे मिस्टर त्याच बाकावर शेजारी बसलेले असतात आणि त्यांचं नाव कोणी घेत नाही.

ख्रिस्ती माणूस म्हणून निष्ठेनं जगायचं तर काय काय सोडावं लागतं, असं मला तरुण मुलंमुली विचारतात. पैसा, बढती, नातेवाइकांचा लोभ, सणासुदीची सुट्टी अशी यादी सहज सांगता येते. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सोडलं ते नेमकं कोणाचं होतं? आमच्या घरातल्या पिढ्यांकडे पाहिलं की दिसतं, एकानं विश्वासानं ‘हो’ म्हटलं आणि त्याची किंमत पुष्कळदा दुसऱ्यानं भरली.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरला काम सुरू केलं आणि १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या काळात जिल्ह्यातल्या कितीतरी महारवाड्यांमधून घरंच्या घरं ख्रिस्ती झाली. माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला, तेव्हा ते ऐन तरुण होते. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी मेलेली जनावरं ओढायला नकार दिला आणि येसकरकी, म्हणजे गावाच्या वेशीची राखणदारी, सोडली. त्याबरोबर घरोघरची भाकर बंद झाली, सुगीला खळ्यावरून मिळणारं धान्य बंद झालं. गावानं त्यांना पाणीही सुखानं भरू दिलं नाही, कारण गावाच्या लेखी ते होते तेच राहिले होते. आजोबा खडी फोडायला जायचे आणि रात्री मिशनच्या शाळेत अक्षरं गिरवायचे. त्यांच्या त्यागाबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडचा घास सोडला आणि मान ताठ ठेवली.

पण त्या निर्णयाचा हिशेब त्यांच्यापाशी मिटला नाही. १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानं हिंदूंखेरीज इतर धर्मांच्या माणसांना अनुसूचित जातीचं मानायचं नाही, असं ठरवलं. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. माझ्या वडिलांच्या चुलतभावांनी बाबासाहेबांच्या पाठोपाठ बौद्ध धम्म स्वीकारला. एकाच महारवाड्यातली, एकाच पणजोबाची ही दोन घरं. दोन्हीकडच्या मुलांना शाळेत मागच्या रांगेत बसवलं गेलं आणि ओंजळीत वरून पाणी ओतलं गेलं. पुढे दाखल्याच्या खिडकीपाशी मात्र दोघांची वाट वेगळी झाली. चुलतभावंडांना जे मिळालं ते त्यांच्या हक्काचं होतं आणि त्यांच्या प्रत्येक नोकरीचा मला आनंद झाला. आम्हाला महाराष्ट्रात इतर मागासवर्गात जागा मिळाली. पण अनुसूचित जातींसाठी असलेलं संरक्षण आणि राखीव जागा मिळाल्या नाहीत. २००७ साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. वडील गेले, मी निवृत्त झाले, आणि प्रश्न तिथेच आहे.

आम्हाला कोणी अधूनमधून सुचवायचं, कागदावर धर्म वेगळा लावा, घरात काय करायचं ते करा. वडिलांनी ते कधी मानलं नाही. अर्जात खरं लिहायचं आणि जे हातचं जाईल ते जाऊ द्यायचं, हा त्यांचा नियम होता. ती त्यांची निष्ठा होती, आणि तिची रक्कम आम्ही भावंडांनी भरली.

मी मिरजेला नर्सिंग शिकले. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेल्या त्या रुग्णालयानं महाराष्ट्रातल्या किती ख्रिस्ती मुलींना पायावर उभं केलं असेल! शिक्षण संपल्यावर माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींपैकी काही सरकारी दवाखान्यांत लागल्या, काही सौदीला आणि कुवेतला गेल्या. मी शिकत असताना कुष्ठरुग्णांच्या वॉर्डात पाळी केली होती आणि तिथेच प्रार्थनेत ठरवलं होतं, की मी हेच काम करीन.

हे काम काय असतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंना धरतो. हातापायांची संवेदना जाते आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. चुलीवरचं भांडं हात भाजतंय हे हाताला समजत नाही. पायात काटा मोडला तरी बाई दिवसभर त्याच पायानं निंदण करते. झोपेत उंदरानं बोट कुरतडलं तर सकाळी अंथरुणावर रक्त दिसल्यावर कळतं. पापण्या पुरत्या मिटत नाहीत, म्हणून डोळा कोरडा पडतो आणि दृष्टी जाते. लोकांना वाटतं रोगानं बोटं झडतात. ती जातात अशा न कळलेल्या जखमांनी.

आमची सकाळ पाय भिजवण्यानं सुरू व्हायची. वीस मिनिटं पाय पाण्यात, मग घट्टे खरवडायचे, जखम धुवायची, भेगांना तेल लावायचं. तळव्याच्या जखमेला औषधापेक्षा विश्रांती लागते, पण मजुरी करणाऱ्याला विश्रांती घ्या सांगून भागत नाही, म्हणून पायाला प्लास्टर घालायचं. नंतर संवेदना तपासायची. रुग्णानं डोळे मिटायचे, मी बॉलपेनचं टोक तळहातावर हलकंच टेकवायचं आणि कुठे लागलं ते त्यानं दुसऱ्या हाताच्या बोटानं दाखवायचं. मागच्या खेपेला दाखवलेली जागा या खेपेला दाखवता आली नाही, तर डॉक्टरांना ताबडतोब बोलवायचं. वेळेवर स्टेरॉइड सुरू झालं तर हरवलेली संवेदना पुष्कळदा परत येते; सहा महिने उलटले तर आशा फार थोडी उरते. एका विणकर बाईच्या करंगळीत संवेदना परत आली, त्या दिवशी आम्ही दोघी रडलो होतो. असल्या दिवसांसाठी मी तिथे राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केल्यावर हा रोग सहा महिने ते दोन वर्षांच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला. २००५ च्या अखेरीस देशातलं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं. पण जंतू मेला तरी मेलेला मज्जातंतू उठत नाही. आमचा जखमांचा वॉर्ड तेव्हाही भरलेला होता.

या कामात माझ्याकडून जे गेलं ते सांगते. पगार सरकारी नोकरीच्या जवळपासही नव्हता. नाताळच्या रात्री मंडळी घरोघर गाणी म्हणत फिरायची तेव्हा बहुतेक वेळा मी वॉर्डात असायचे. नातेवाइकांच्या लग्नात मी वाढायला उभी राहिले की काही पानं झाकली जायची. विश्वासातलीच माणसं, पण माझ्या हाताची त्यांना भीती वाटायची. माहेरी माझा कप वेगळा ठेवला जायचा, हे मला आईच्या शेवटच्या आजारपणात कळलं. हे सगळं मी सोसलं आणि मला त्याचं दुःख उरलेलं नाही. हा माझा निर्णय होता आणि त्याचं देणं मीच दिलं.

आणखी एक गोष्ट मी सोडली, जी बाहेरच्यांना दिसत नाही. जे मला सगळ्यांत प्रिय आहे, त्याबद्दल रुग्णाच्या खाटेपाशी बोलायचं नाही, असं मी स्वतःला घालून घेतलं. ज्याचा पाय माझ्या हातात आहे, ज्याला उठून जाता येत नाही, त्यानं माझ्या बोलण्यावर मान डोलावली तर ती मान खरी कशी मानायची? मिशनवाले औषधाच्या बदल्यात धर्म देतात, असं गावात बोललं जायचंच. त्या बोलण्याला माझ्या वागण्यानं आधार मिळू नये, हेही मनात होतं. कोणी बरा होऊन, चालत येऊन, आपणहून विचारलं तर मी मोकळेपणानं सांगायचे. विचारलं नाही तर प्रभूला त्याची काळजी आहे, यावर विश्वास ठेवायचे. साक्ष द्यायला तळमळणाऱ्या माणसाला गप्प राहणं सोपं नसतं. मी मिरजेच्या दिवसांपासून शिकले होते की माझं जीवन म्हणजे माझी साक्ष. जखम धुताना तेवढ्यावर समाधान मानायला मन पुन्हा पुन्हा वळवावं लागलं.

आता माझ्या मिस्टरांबद्दल. लग्न झालं तेव्हा ते पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. मायक्रोमीटरवर माप घेणारा माणूस. लेथवर काम बसलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते मी पाहिलं आहे. मी रुग्णालय सोडणार नव्हते, म्हणून त्यांनी कारखाना सोडला आणि आमच्याकडे चपला बनवण्याच्या विभागात लागले. कुष्ठरुग्णाची चप्पल साधी नसते. एमसीआर रबराचा मऊ तळ, त्याच्या खाली टणक तळ, पट्टे असे की कुठे घासणार नाहीत, आणि एकही खिळा नाही; कारण खिळा वर आला तर पायाला कळणार नाही. त्यांनी ते काम लेथच्याच काटेकोरपणानं केलं. कुठल्या रुग्णाचा कोणता पाय कुठे जड पडतो हे त्यांना पाठ असायचं. पगार मात्र कारखान्याच्या तुलनेत फारच थोडा, आणि परदेशी मदत आटत गेली तसा तोही महिनोन् महिने रखडायचा. पगार कधी होणार असं विचारलं की वरून उत्तर यायचं, ही सेवा आहे, हे लक्षात असू द्या.

त्यांनी तक्रार कधी केली नाही. एकदा मात्र मुलीची फी भरायची होती आणि दोघांचेही पगार थकले होते. मी म्हटलं, “देवानं आपल्याला बोलावलंय, तो सोय करील.” ते हातातलं पट्ट्याचं कातडं खाली ठेवून म्हणाले, “बोलावणं तुला आलं होतं. मला तुझ्याकडून निरोप मिळाला.” त्यात राग नव्हता. वस्तुस्थिती होती ती.

त्याच वर्षी मुलीला फिजिओथेरपीला जायचं होतं. आमच्या रुग्णांचे वाकडे झालेले हात, ताठलेली बोटं, मेणाच्या शेकानं मोकळी होताना बघत ती वाढली होती. खासगी कॉलेजची फी आमच्या आवाक्यापलीकडची होती, आणि आमच्याच भावकीतल्या मुलांना जी वाट खुली होती ती तिला तिच्या पणजोबांच्या बाप्तिस्म्यामुळे बंद होती. तिनं बी.एस्सी. केलं, नंतर शिक्षिका झाली, सुखात आहे. पण तिची ती एक जागा दोन पिढ्यांच्या निष्ठेखाली दबली, हे मी विसरू शकत नाही. आजोबांची निष्ठा आणि माझी. दोन्ही खऱ्या होत्या. तिला मात्र दोन्ही वेळा कोणी विचारलं नव्हतं.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात, एकाच्या निर्णयाची किंमत दुसऱ्यानं भरल्याची मोठी साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. जात गेली, आप्त गेले, ब्राह्मण समाजातलं स्थान गेलं. टिळकांनी ते जाणीवपूर्वक सोडलं, आणि त्यांची भक्तिगीतं आजही आपल्या उपासनेचा प्राण आहेत. लक्ष्मीबाईंनी मात्र तेव्हा काहीच सोडलं नव्हतं. त्यांच्या हातून ते काढून घेतलं गेलं. नवरा जिवंत असून दुरावलेला, पदरात लहान मुलगा, आणि भोवती ‘आता हिचं काय’ म्हणणारी माणसं. काही वर्षांनी त्या टिळकांकडे नगरला परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, स्वतःच्या पावलांनी, स्वतःच्या वेळी. १९३४ पासून प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ लोक त्यांच्या सरळ, हसऱ्या भाषेसाठी वाचतात. मी ते पुस्तक किंमत भरणाऱ्या बाजूचं म्हणणं म्हणून वाचते. ते नसतं तर आपल्याकडे फक्त धर्मांतराची गोष्ट उरली असती, आणि त्या रात्री घरात कोण जागं होतं हे कधी कळलं नसतं.

१९९९ च्या जानेवारीत ओडिशातून बातमी आली तो दिवस आमच्या रुग्णालयात कोणी विसरलेलं नाही. बारीपदा इथे कुष्ठरुग्णांचं काम करणारे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा तिमोथी, यांना मनोहरपूर गावात जमावानं गाडीत झोपलेले असताना जाळलं. ते आमच्यासारखंच काम करत होते. तीच घट्टे खरवडायची पाती, तेच पाण्याचे टब. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि मुलीला घेऊन त्या पुढेही तिथे राहून रुग्णांचं काम करत राहिल्या. २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या क्षमेपुढे मी आजही नतमस्तक आहे. मात्र आमच्याकडच्या प्रार्थनेत कोणीतरी त्या दोन मुलांना ‘हुतात्मे’ म्हटलं, तेव्हा माझ्या तोंडून ‘आमेन’ निघालं नाही. सहा वर्षांच्या मुलानं काही अर्पण केलं नव्हतं. तो बाबांबरोबर गावाला गेला होता. त्याचं जाणं हा अन्याय होता, आणि त्याला त्याहून सुंदर नाव देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्याग म्हणजे काय हे मला प्रवचनांपेक्षा रुग्णांनी जास्त शिकवलं. त्यांचं बहुतेक नुकसान त्यांनी निवडलेलं नव्हतं. क्लोफाझिमाइन या गोळीनं कातडी काळवंडते. एका नवविवाहितेला त्या रंगावरून सासरी आजार कळला आणि नवऱ्यानं घटस्फोटाची भाषा सुरू केली. त्या काळी कायदाही त्याच्या बाजूचा होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते २०१९ साली काढलं गेलं. तिच्या वाट्याला आलेल्या गोष्टीला त्याग म्हणणं म्हणजे तिची थट्टा करणं. पण त्याच वॉर्डात एक माणूस होता. पूर्ण बरा झालेला, घरी जायला मोकळा. मी विचारलं, जात का नाही? तो म्हणाला, “मी घरी गेलो त बहिनीचं जमलेलं तुटन, सिस्टर.” तो राहिला. आमच्या बागेत काम करून गावाकडे पैसे पाठवत राहिला आणि बहिणीच्या लग्नाला गेला नाही. आपल्या निर्णयाचा भार त्यानं घरच्यांपैकी कोणावरही टाकला नव्हता. स्वतःचं होतं तेवढंच दिलं. तो ख्रिस्ती नव्हता. ख्रिस्ती माणसानं कसं द्यावं हे मी त्याच्याकडून शिकले.

पवित्र शास्त्र या बाबतीत फार स्पष्ट आहे. दावीद राजाला वेदी बांधायची होती आणि अरवना नावाच्या यबूशी माणसानं आपलं खळं, बैल, लाकडं सगळं फुकट देऊ केलं. दावीदानं नकार दिला. ज्याला आपलं काही मोल पडलं नाही ते देवाला वाहणार नाही, असं म्हणून त्यानं पैसे मोजून खळं विकत घेतलं. राजा होता, दुसऱ्याच्या वस्तूवर अर्पण सहज उरकलं असतं. आपल्या मराठीत ज्याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात, ते त्यानं केलं नाही. आणि आईबापांना आधार द्यायचा पैसा देवाला वाहिला आहे असं सांगून त्यांना उघडं टाकणाऱ्यांना तर प्रभूनं कठोर शब्दांत सुनावलं आहे. देवाचं नाव पुढे करून घरच्यांचा वाटा उचलणं त्याला मान्य नव्हतं.

म्हणून सेवेत येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी सांगते, बोलावणं ऐकू आलं असेल तर जरूर या. या कामात जो आनंद आहे तो मला दुसरीकडे मिळाला नसता. पण येण्याआधी घरच्यांसोबत बसा. पगार किती, कधी मिळेल, मुलांच्या शिक्षणाचं काय, आईवडिलांच्या औषधांचं काय, हे प्रार्थनेइतक्याच गांभीर्यानं बोला. जोडीदारानं ‘नाही’ म्हटलं तर त्याला अविश्वासी ठरवू नका. त्याचं बोलावणं त्याला येऊ द्या. आमच्या मिस्टरांच्या त्या वाक्यानंतर आम्ही दोघं बसलो, पहिल्यांदाच सगळा हिशेब मांडला, आणि पुढची पाच वर्षं राहायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं असं ठरलं. त्यांनी विचार करायला वेळ घेतला आणि राहायचं ठरवलं. त्यानंतर चपलांच्या विभागातलं त्यांचं काम त्यांचं झालं.

मंडळ्यांना आणि संस्थांच्या समित्यांनाही माझं सांगणं आहे. पाळकाला, शिक्षकाला, परिचारिकेला योग्य पगार वेळेवर देणं हे तुमचं कर्तव्य आहे. त्यांच्या सेवाभावाच्या आडून ते टाळू नका. सेवकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी दशांशातला एक भाग बाजूला काढा. आणि दलित ख्रिस्ती मुलांच्या हक्कासाठी कायद्याच्या वाटेनं बोलत राहा, कारण त्यांच्या पणजोबांनी दाखवलेल्या धैर्याचं देणं ती अजून फेडत आहेत.

गेथशेमानेच्या बागेत शिपाई प्रभूला पकडायला आले, तेव्हा तो स्वतः पुढे झाला. तुम्ही शोधता तो मीच आहे, तर यांना जाऊ द्या, असं त्यानं शिष्यांकडे दाखवून सांगितलं. स्वतःला पूर्ण देताना त्यानं बरोबरच्या माणसांची सुटका आधी मागून घेतली. त्याच्या मागे चालायचं म्हणणाऱ्या प्रत्येकानं निदान तेवढं मागितलंच पाहिजे.